डावा इयरबड

जयनगरच्या फुटपाथवर इयरबड विकणारा तो बेळगावकडचा माणूस माझ्याशी मराठीत बोलला, तिथेच मी फसलो. पुण्याहून या कानडी शहरात आल्यापासून बाजारात कुणी मराठी बोललंच नव्हतं. आठवड्याभरात डावा इयरबड मुका झाला. बदलून आणला, तोही तसाच. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्याने तो सावकाश शर्टाला पुसला, स्वतःच्या कानात घातला आणि डोळे मिटून तालात मान डोलावली.

“बेष्ट वाजायलंय की ओ. कान दाखवून घ्या एकदा.”

मी अजून गाणं लावलंच नव्हतं. फोन खिशात होता.

डोकं सणकलं. तरी त्याने पुढे केलेला नवा जोड मी निमूट घेतला. या शहरात माझ्याशी मराठीत खोटं बोलणारा तेवढा एकच माणूस आहे.