गाडीवर दिलेलं माप

होळीच्या आधी म्हसावदला भोंगऱ्याचा बाजार भरला, की सातपुड्यातून बांबू उतरवणारे गडी खाली येत. त्यांच्या बायका मीठ-मिरची बघायला बाजारात शिरत आणि हे गडी थेट चिंचेखाली मोचीचाचांच्या दुकानापुढे बसत. पुढच्या हंगामाच्या वहाणा कशा असाव्यात, हे तिथे ठरायचं. लग्न जुळवतानासुद्धा इतकी घासाघीस मी ऐकलेली नाही.

त्यांचं काम तसंच होतं. खांद्यावर बांबूचा भारा, त्याची शेपटी मागे जमिनीवर घासत सोडलेली, आणि वाळल्या गवतावरून अर्धं चालत, अर्धं घसरत उतरायचं. वहाण चुकली तर माणूस भाऱ्यासकट दरीत. आपसात ते आपल्या पावरी बोलीत बोलत आणि आम्हा खालच्या लोकांशी अहिराणीत.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. दिवाळीनंतर मला टपालवाल्याची नोकरी लागली होती. म्हसावदहून पिशवी घेऊन तोरणमाळला चढायचं, वर रात्र काढायची आणि सकाळी तिथलं टपाल घेऊन शहाद्याची मोटार सुटायच्या आत खाली यायचं. घरात मी आणि विधवा आई, मिळवता मी एकटाच. अंगावर खाकी कोट आला आणि मी जमिनीपासून वीतभर वर चालू लागलो. वहाणा करायला टाकल्या त्याही ऐटीत. चाचांच्या पेटीवर बसलो, पाय पुढे केला आणि म्हणालो, “घ्या माप.” चाचा काहीतरी सांगू पाहत होते. मी ऐकून घेतलं नाही.

चढताना वहाणा झकास वाटत. उतरताना मात्र पाय पुढे सरके, अंगठा वहाणेबाहेर जाऊन दगडावर आदळे. महिन्याभरात दोन्ही नखं काळी पडली. एकदा घसरून मी पिशवीसकट करवंदीच्या जाळीत गेलो. दोनदा मोटार चुकली. पोस्टमास्तर सज्जन माणूस, पण दुसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढून सांगितलं, “आणखी एकदा मोटार चुकली, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

त्या रात्री आईने अंगठ्यांना हळद-तेल लावलं. तिला मी काही सांगितलं नाही. भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. सकाळी तो राग घेऊन मी चाचांकडे गेलो. नेमका भोंगऱ्याचा बाजार होता आणि चिंचेखाली दहा-बारा गडी बसले होते.

“चाचा, वहाणा वाकड्या केल्यात तुम्ही!” मी सगळ्यांदेखत ओरडलो.

चाचांनी मान वर न करता विचारलं, “माप कोठे दिन्हं व्हतं?”

“इथेच. पेटीवर बसून.”

गडी खो खो हसले. त्यांच्यातला एक म्हातारा, बांबू वाहून खांद्याला घट्टे पडलेला, मला म्हणाला, “बठीसन माप देवाले तू काय नवरदेव शे का?”

नाचता येईना अंगण वाकडं, तशी माझी गत झाली होती. बाजूला एक बैलगाडी सोडलेली होती. बैल नसल्यामुळे तिचं जू जमिनीला टेकलेलं आणि आतल्या फळ्यांचा चांगला उतार झालेला. हे गडी माप देत ते त्या उतारावर उभं राहून, उताराकडे तोंड करून, डोक्यावर ओझं घेऊन. सपाटीवर पाय खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. हे मी दरवर्षी पाहत आलो होतो आणि दरवर्षी हसत आलो होतो.

त्या दिवशी भरबाजारात मी गाडीत चढलो. डोक्यावर टपालाची पिशवी. खाली पोरी फिदीफिदी हसत होत्या. चाचा गुडघ्यांवर गाडीत शिरले, पायाखाली कातडं सरकवून त्यांनी कोळशाने रेघ ओढली आणि माझं जुनं माप शेजारी धरलं. अख्ख्या बोटाचा फरक होता. मी खाली उतरलो.

मग खरी चर्चा सुरू झाली. त्या वर्षी चाचांनी शहाद्याहून मोटारीच्या जुन्या टायरचा तुकडा आणला होता. तरणे गडी म्हणाले, सगळा तळ टायरचाच करा. म्हाताऱ्याने मान हलवली.

“आख्खा तळ टायरना ठेव ते मानूस जागावर थांबस, नि भारा त्याना डोकावरथून पुढे जास!”

टाच धरली पाहिजे आणि पुढचा पाय सुटला पाहिजे, हा त्याचा हिशेब. म्हणून टाचेखाली टायर, पुढे म्हशीचं कातडं आणि पाय मागे ओढून धरायला घोट्याभोवती वादी. दुपारपर्यंत वाद घालून सगळे त्यावर आले.

त्यांच्यात रीत होती. नव्या तऱ्हेचा एकच जोड आधी करायचा. तो एकाने होळीपासून पावसापर्यंत वापरायचा आणि त्याला पसंत पडला तरच दिवाळीला बाकीच्यांचे करायचे. त्या वर्षीची पाळी म्हाताऱ्याची होती आणि टायरही एका जोडापुरतंच होतं. चाचांनी त्याला गाडीत चढायची खूण केली. तो जागचा हलला नाही. माझ्या काळ्या नखांकडे बघत म्हणाला, “हाऊ जोड या टपालवालाना कर.”

तरणे कुरकुरले. तो त्यांना म्हणाला, “आपू पडूत ते बांबू पडी. हाऊ पडी ते सगळास्ना कागद पडतीन.”

आपलं म्हणून एक पत्र त्याला कधी आलं नव्हतं. येणार तरी कुणाचं?

चौथ्या दिवशी मी तो जोड घालून तोरणमाळहून उतरलो. गवत वाळून गुळगुळीत झालं होतं. टाच धरत होती, पुढचा पाय हवा तेवढाच सुटत होता आणि अंगठा जागच्या जागी होता. मी शहाद्याच्या मोटारीआधी पोचलो आणि सावलीत बसून तिची वाट पाहिली. त्यानंतर मोटार एकदाही चुकली नाही. त्या नोकरीवर आई सुखाने म्हातारी झाली, माझं लग्न झालं, लेकरं शिकली. हे सगळं त्या चिंचेखाली वाचलं, हे मी विसरलेलो नाही.

पावसाच्या तोंडावर घाटात तो म्हातारा मला भेटला. भारा घेऊन उतरत होता, पायात गेल्या वर्षीच्याच वहाणा, तळ झिजून पापुद्रा झालेला. उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आणि ती रक्ताने काळी पडलेली. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी एक कार्ड घेतलं. त्यावर त्याचं नाव, पाड्याचं नाव आणि खाली चार ओळी लिहिल्या: वहाणा उत्तम आहेत, मोटार चुकत नाही, आईने नमस्कार सांगितला आहे, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पोस्टमास्तरांनी शिक्का मारला आणि काही न विचारता ते माझ्याच पिशवीत टाकलं. पाड्यावर पोचून मी सरकारी आवाजात त्याला हाक मारली, “बाबा, तुमचं टपाल!”

त्याने हात अंगरख्याला पुसून कार्ड घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि मला परत दिलं. मी वाचून दाखवलं.

“आखो वाच,” तो म्हणाला. मी पुन्हा वाचलं. त्याने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग कार्ड कमरेच्या फडक्यात बांधलं आणि चिंधी बांधलेला पाय ओढत माझ्यापुढे उकिडवा बसला. माझी वादी बोटाने सैल करून बघत त्याने विचारलं, “तुन्हा आंगठा कसा शे आते?”