साडभावांच्या गाडीतला कॅमेरा

‘अंदाजे’ या शब्दाचा माझ्या साडभावांइतका राग असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. हे वाक्यही मी अंदाजानेच लिहिलं आहे, हे त्यांना कळलं तर ते अकोल्याहून पहिल्या गाडीने अमरावतीला येतील आणि किती तालुके हिंडून हे ठरवलंत, असं मला विचारतील. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी नोकरी त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात केली. भर उन्हात दोन शेजाऱ्यांच्या मध्ये उभं राहून बांध कुठून जातो ते सांगायचं, हे त्यांचं काम. तेव्हापासून माणसाच्या बोलण्यावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. ते म्हणायचे, "दोन्ही पार्ट्या खरंच बोलतात साडभाऊ, पन बांध त एकच असते ना."

निवृत्तीनंतर मोजायला शेतं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घर मोजायला घेतलं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर ती आणल्याची तारीख त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेली असते. झाडूच्या मुठीवर, भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीवर, लोणच्याच्या बरणीच्या बुडाशी, सगळीकडे. माझी मेहुणी, तिला आम्ही ताई म्हणतो, एकदा वैतागून म्हणाली की एक दिवस हे माझ्या कपाळावरही तारीख टाकतील. साडभावांनी हे गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुही तारीख लिहा लागत नाई. मले पाठ हाये." यावर ताई जी स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि त्या दिवशी भजी झाली. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी सकाळी सकाळी टेप लावून मांडव मोजला आणि तो एका बाजूने दोन फूट कमी भरला. पाहुणे येऊन बसलेले, तरी बांबू हलवायला लावले. मांडववाला काकुळतीने म्हणाला, साहेब, तेवढ्यानं लगन काही अडत नाही. साडभाऊ म्हणाले, लगन लागेल हो, पण तिरपं लागेल.

असा माणूस साठी उलटल्यावर पहिली नवी गाडी घेतो, तेव्हा सीटच्या रंगाआधी त्याला कॅमेऱ्याची काळजी पडते. रस्त्यावर गाडीला गाडी लागली की दोघंही खरंच बोलणार, तेव्हा काचेवर एक कॅमेरा हवा, हे त्यांनी गाडी अजून शोरूममध्ये असतानाच ठरवून टाकलं होतं. कॅमेरा आला, पण त्याला वीज कुठून द्यायची यावर वीस दिवस गेले. शोरूमवाल्याने सांगितलं की मोबाइल चार्ज करायच्या जागेतून वायर घ्या, झालं. पण समोरच्या काचेवरून लोंबत खाली येणारी वायर साडभावांना मंजूर नव्हती. शिवाय गाडीची एकही वायर कापली तर वॉरंटी जाईल अशी भीती शोरूमवाल्यानेच घालून ठेवली होती. मग त्यांनी गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं. ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला दुसरा गाडीमालक मला आजवर भेटलेला नाही. रोज सकाळी फोन यायचा. एका फ्यूजला चोवीस तास वीज असते, एकाला चावी फिरवल्यावरच येते. पहिल्यावर जोडला तर गाडी उभी असतानाही कॅमेरा पहारा देईल, पण चार दिवस गाडी हलली नाही तर बॅटरी बसेल. तुमचं काय मत? मी शाळेत मराठी शिकवतो. माझं मत विचारण्यामागे त्यांचा केवळ चांगुलपणा होता.

शेवटी अमरावतीच्या एका जुन्या वायरिंगवाल्या चाचांकडे आम्ही गाडी नेली. साडभावांनी टेप, डायरी आणि गाडीचं पुस्तक बरोबर घेतलं होतं. चाचांनी ते पुस्तक पाहून पान थुंकलं आणि स्टूल पुढे ओढला. दोन तास त्या दोघांचं जे चाललं, ते भांडण होतं की मैत्री, हे मला कळलं नाही. चाचांनी काचेकडेच्या खांबाचं प्लास्टिक जरासं उघडलं, तेव्हा साडभावांनी त्यांचा हातच धरला. तिथे आत एअरबॅग असते, वायर तिच्या पुढून गेली तर ती फुगताना अडेल, मागून न्या. चाचांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हे त्यांना ठाऊक होतंच, पण ठाऊक असलेलं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. तिथून पुढे ते प्रत्येक फ्यूजला टेस्टर लावून दाखवू लागले आणि साडभाऊ डायरीत नोंदवू लागले. वायर न कापता फ्यूजच्याच जागी बसणारा एक जोड बसवला, काळी वायर गाडीच्या उघड्या लोखंडाला स्क्रूने आवळली, बारा व्होल्टचे पाच करणारी एक डबी डॅशबोर्डखाली चिकटवली. चोवीस तासवाला फ्यूज की चावीवाला, हा प्रश्न चाचांनी एका वाक्यात निकालात काढला. "साहब, गाडी सोयेंगी तो कॅमेरा भी सोयेंगा. उसको भी नींद होना ना." चावी फिरवली, आरशामागे बारीक निळा दिवा लागला, आणि साडभावांच्या चेहऱ्यावर मी असं समाधान पाहिलं, जे मुलीच्या लग्नातही नव्हतं. आता खोटं बोलायचं कोणाचं काम नाही, असं ते म्हणाले.

त्यानंतर महिन्याभराने आम्ही परतवाड्याला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलो होतो. दुपारी परत येताना साडभाऊ गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे दोघी बहिणी पेंगत होत्या. वलगावच्या अलीकडे त्यांना उजव्या हाताला एक ओळखीचं शेत दिसलं. बाभळीपासून निघणारा तो बांध त्यांनी ऐन तारुण्यात मोजला होता. ते सांगत होते, मी पाहत होतो, आणि तेवढ्यात डावीकडे धाडकन आवाज झाला. पुढच्या मोटरसायकलला ओलांडताना आमचा आरसा तिला लागला होता. मागे दोन क्रेट बांधलेली ती मोटरसायकल आडवी झाली आणि संत्री रस्ताभर पसरली.

चालवणारा पन्नाशीचा माणूस होता. गुडघा सोललेला, तरी तो उठून आधी संत्री गोळा करू लागला. जवळच्या चहाच्या टपरीवरचे पाच-सहा जण धावत आले. त्यांच्यातच न्याय सुरू झाला. मोटरसायकलचा इंडिकेटर बंद होता, हे त्या माणसानेच कबूल केलं. मग उजवीकडे वळताना हात तरी दाखवला का, असं कोणीतरी विचारलं. तो गोंधळून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहू लागला. तेव्हा अजून गाडीच्या उघड्या दाराशीच उभा असलेला मी ठामपणे म्हणालो की हात दाखवला नाही, मी पाहिलं. त्यांच्यातल्या एकाने मला ओळखलं. हे मास्तर आहेत, खोटं बोलणार नाहीत, असं तो म्हणाला आणि विषय संपला. त्या माणसाने साडभावांपुढे हात जोडले. साडभावांनी त्याला मोठ्या मनाने माफ केलं, इंडिकेटरवर पाच मिनिटं भाषण दिलं, आणि आम्ही निघालो. वाटेत ते म्हणाले की उद्या हे सगळं मोठ्या पडद्यावर पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी चहा घेता घेता त्यांनी कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या कॉम्प्युटरमध्ये घातलं. आम्ही चौघंही समोर बसलो. रस्ता, कापसाची शेतं, पुढे ती मोटरसायकल. साडभावांचा आवाज, ते बाभळीचं झाड पहा म्हणणारा. आणि त्याच वेळी मोटरसायकलवाल्याचा उजवा हात बाहेर आला. चांगला लांब, सरळ, शाळेत मुलं करतात तसा. तो तसाच राहिला. साडभाऊ बांधाबद्दल बोलत राहिले. मग धाडकन.

घाईत चावी बंद करायची राहिली होती, त्यामुळे व्हिडिओ पुढे चालूच होता. चित्रात रिकामा रस्ता आणि एक घरंगळणारं संत्रं, आणि त्यावर अगदी स्पष्ट माझा आवाज. हात दाखवला नाही, मी पाहिलं.

मी खोटं बोललो होतो असं मला आजही वाटत नाही. मला खरोखरच तसं दिसलं होतं, आणि मी तर बाभळीकडे पाहत होतो. साडभावांनी तेवढा भाग पुन्हा लावला, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, पुन्हा लावला. हात पाच सेकंद बाहेर होता. ताई हळूच म्हणाली की झालं ते झालं, त्याला फार लागलं नाही, कोणी पाहिलंही नाही.

"म्या पाह्यलं ना आता," साडभाऊ म्हणाले आणि पायात चपला घातल्या.

वलगावला त्या माणसाचं घर सापडायला वेळ लागला नाही. आम्हाला पाहून तो घाबरला. आरशाच्या भरपाईसाठी आलो असं त्याला वाटलं. साडभावांनी त्याला मोटरसायकलवर नव्हे, आमच्या गाडीत बसवलं आणि थेट त्या टपरीवर नेलं. काल होती ती बहुतेक माणसं आजही होती. त्यांना बोलावून साडभावांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. सगळे वाकून पाहू लागले. मी मागे उभा होतो. आता माझा आवाज येईल, मग हे सगळे वळून माझ्याकडे पाहतील, या विचाराने मी आणखी एक पाऊल मागे सरकलो. उजवा हात बाहेर आला, धाडकन आवाज झाला, आणि साडभावांनी बोट ठेवून तिथेच व्हिडिओ थांबवला.

"चूक माही होती," ते सगळ्यांकडे पाहत म्हणाले. "ह्या भाऊची नाई. मी बांधाकडं पाहत होतो."

तो माणूस मोबाइलच्या काचेवरच्या स्वतःच्या त्या लहानशा हाताकडे पाहत राहिला. मग संकोचून म्हणाला, "मले आठवतच नव्हतं साहेब. सारे म्हणून रायले होते, त मले वाटलं, नसनच दाखवला."

साडभावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. निघताना त्या माणसाने बळेच एक पिशवीभर संत्री गाडीत ठेवली.

परत येताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागण्याची ती पहिली वेळ. ते शेजारी बसून बाहेरची शेतं पाहत होते. किती बांध त्यांनी मोजले असतील, आणि किती वेळा कोणा एकाने साऱ्यांच्या बोलण्याला मान तुकवून आपलंच पाऊल मागे घेतलं असेल, असं काही तरी ते मनात धरून बसले असावेत. थोड्या वेळाने त्यांनी एक संत्रं सोललं, नीट दोन भाग केले आणि एक माझ्यापुढे धरला.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. आमची भेट होते, फोन होतात, मोजमापांचे वाद होतात. पण त्या दुपारी मी जे बोललो, त्याबद्दल साडभावांनी आजवर एक अक्षर काढलेलं नाही. दोन फुटांसाठी भर मांडवात बांबू हलवायला लावणारा हा माणूस त्या टपरीवर, भर दुपारी, माझ्यासाठी पुरावा तेवढा अपुरा ठेवून आला. मला त्यांचे आभार मानायचे आहेत. कसे मानावेत, हे अजून कळलेलं नाही.