दोन तटांमधला दलाल

“बराबर हाये तुमचं. पन कवा?”

एवढं म्हणून तो उजव्या हाताची बोटं उघडमीट करायचा आणि बसल्या जागेवरून उठायचा. अमरावतीच्या कापूसबाजारात तुम्ही चार दिवस काढले असतील तर त्याला पाहिलं असेल, पण बसलेला क्वचितच. आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हाही पाटावर पुरता टेकत नसे. माझी बायको म्हणायची, “भाऊजी, अन्न काई पळून नाई जाऊन राहिलं.” तो म्हणायचा, “अन्न नाई वहिनी, दिवस पळून राहिला.” आणि शेवटचा घास तोंडात असतानाच जोडे शोधू लागायचा.

तो कापसाचा दलाल आणि मी गावच्या कमिटीचा कारकून. माझा धंदा बसून राहण्याचा. त्यामुळेच की काय, आमचं जमलं.

दिवसही धावपळीचे होते. अमेरिकेत लढाई पेटलेली, विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. ज्याच्या बैलांच्या गळ्यात कालपर्यंत घुंगरू नव्हतं, त्याने त्यांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. सगळं गाव घाईत होतं, पण ह्याची घाई निराळी. ह्याला एक विहीर सोडवायची होती.

बाजाराला लागून एक मैदान होतं. गाड्या तिथे सुटायच्या आणि बैल तिथल्या विहिरीवर पाणी प्यायचे. मुंबईची एक कंपनी गाठी दाबायचा कारखाना काढायला आली, तेव्हा सरकारने तिला ते मैदान विहिरीसकट फुकट दिलं. कंपनीने भोवती भिंत घातली. शेतकऱ्याच्या दर गाडीवर बाजारात कराची पट्टी होती, कंपनीच्या गाड्यांना ती माफ. त्या पट्टीच्या पैशातून सडक झाली आणि ती नेमकी कंपनीच्या फाटकाशी जाऊन थांबली. शेतकऱ्यांचे बैल मात्र तहानलेले, लांबच्या नाल्याकडे हाकावे लागायचे.

जागेची आणि पट्टीची ही सवलत एका वर्षाची असायची. दर वर्षी कमिटीने ती पुढे चालू ठेवायची की मोडायची हे ठरवायचं आणि सरकारच्या गोऱ्या साहेबाने सही करायची. कुणी कुरकुर केली की कंपनीचा मुनीम हसून म्हणे, “मग आम्ही आपले खामगावला जातो.” लगेच सगळे गप्प. आलेल्या पाहुण्याला पानसुपारी करावी हे मला कळतं, पण इथे पाहुण्याला घरच देऊन आम्ही ओट्यावर झोपलो होतो.

कमिटीत दोन तट होते. व्यापाऱ्यांच्या तटाचे पुढारी शेठजी, वतनदारांच्या तटाचे देशमुख. दोघे एकमेकांच्या दारावरून जात नसत. एकाने एका देवळाला कळस चढवला की दुसरा दुसऱ्या देवळात घंटा बांधी. पण कंपनीची सवलत बंद झाली पाहिजे, ह्यावर दोघांचं बोलणं शब्दाला शब्द जुळायचं. शेठजी म्हणत, वतनदारांचा तट आडवा येतो. देशमुख म्हणत, व्यापाऱ्यांचा तट आडवा येतो. आमचा दलाल दोघांच्याही बैठकीत जायचा, दोघांचं ऐकून घ्यायचा आणि तेच विचारायचा, “पन कवा?”

मी त्याला एकदा चिडून म्हणालो, “काहून डोकं फोडून घेतं गा? शेठजीचा निम्मा कापूस त्याच कारखान्यात दाबल्या जाते. देशमुखाचा भाचा तिथंच नोकरीले हाये. कुंपनच शेत खाऊन राहिलं.”

“मालूम हाये मले,” तो म्हणाला. “पन कापसातबी असंच असते ना? इकनाऱ्याले जास्त पायजे, घेनाऱ्याले कमी पायजे. तरी सौदा होते. मधात मानूस पायजे फक्त.”

आणि त्याने खरोखरच तसा सौदा करायला घेतला. ही चूक कापूसबाजारात वाढलेला माणूसच करू जाणे.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं धरून बोलायचं. धरलेल्या बोटांवरून भाव समजतो, भोवती उभ्या असलेल्या पन्नास माणसांना काही कळत नाही. दलाल आधी एकाचा हात धरतो, मग दुसऱ्याचा, आणि जमत आलं की दोघांचे हात एकमेकांत देतो. मग तो सौदा कुणी मोडत नाही. रुमालाखाली काय झालं हे दलालही मरेपर्यंत बोलत नाही.

त्याने शेठजींच्या हातावर रुमाल टाकला. “कमिटीत हरकत घ्यायले देशमुख उठले तर तुमी उठसान काय? उठनार असान तर बोट धरा.” शेठजींनी बोट धरलं. मग तो देशमुखांकडे गेला. शेठजी उठले तर, म्हणून त्यांनीही धरलं. दोघे एकमेकांचा हात धरायला तयार नव्हते, तेवढा शेवटचा भाग राहिला. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. “झाला सौदा,” तो म्हणाला. “यंदा इहीर सुटते.” बाजारात उतरणाऱ्या एकेका गाडीवाल्यालाही त्याने ते सांगून टाकलं.

कमिटीच्या दिवशी साहेब खुर्चीत होता. बाहेर व्हरांड्यात बाजार लोटला होता आणि हा दारात उभा होता. कंपनीच्या सवलतीचा विषय निघाला. साहेबाने विचारलं, “कुणाची हरकत?”

शेठजींनी देशमुखांकडे पाहिलं. देशमुखांनी शेठजींकडे पाहिलं. दोघांनी आपापला शब्द पाळला म्हणायचा, कारण दुसरा उठला तर उठायचं असं ठरलं होतं आणि दुसरा काही उठला नाही. साहेबाने दौतीत लेखणी बुडवली.

“शेठजी, तुमी मले हात देल्ला होता,” दारातून आवाज आला. “देशमुखसायेब, तुमीबी. रुमालाखाली दोघाइनं बोट धरलं. आता उठा.”

“कसला हात?” शेठजी म्हणाले. देशमुख म्हणाले, “साक्षी कोन हाये?” आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ते दोघे एकमेकांकडे बघून हसले. साहेबाने सही केली.

खरी गोष्ट पुढची आहे. दोन पुढाऱ्यांनी गावाला बनवलं ह्याचा व्हरांड्यातल्या लोकांना राग आला नाही. ते रोजचंच होतं. त्यांना धक्का बसला तो दलालाने रुमालाखालचं उघड्यावर सांगितलं ह्याचा. दुसऱ्या दिवशी बाजारात त्याने हात पुढे केला, तो कुणी धरला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ज्यांच्या बैलांसाठी तो भांडला ते शेतकरीसुद्धा मान खाली घालून दुसऱ्या दलालाकडे गेले. चोर सोडून संन्याशाला सूळ, दुसरं काय.

निरोप घ्यायला आला तेव्हा तो ओट्यावरही चढला नाही. “अकोल्याले जाऊन राहिलो,” म्हणाला. “थ्या बाजारात मले कोनी वळखत नाई.”

“आता तरी गप बस जरा,” मी म्हणालो.

“बसतो ना. पन थ्या कंपनीनं तिथं मोर्ना नदीच्या काठावरबी जागा मांगतली म्हनते.” त्याची बोटं हलत होती. माझी बायको आत जाऊन रडली. मी रडलो नाही, पण त्या दिवशी माझ्या हातून एकही कागद धड लिहिला गेला नाही.

अकोल्याहून येणारे त्याची खबर आणत. जुन्या शहरात एका पिंजाऱ्याच्या घरात बिऱ्हाड केलंय, तिथेही दोन तट आहेत, हा दोघांकडे जातो. मग अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, शिंगांच्या शेंब्या सोनाराकडे गेल्या. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या शेतकऱ्यांना भेटत तो पातूरकडे निघाला होता. वाटेत पटकीने गाठलं.

ही बातमी आमच्या कमिटीत पोचली तेव्हा शेठजी उभे राहून बोलले. असा निःस्वार्थी माणूस होणे नाही, आणि मुळात तो व्यापाऱ्यांच्याच तटाचा. देशमुखही बोलले. तो कुणब्याचा पोर, म्हणजे वतनदारांच्याच तटाचा. दुःखाचा ठराव एकमताने झाला. पुढचा विषय कंपनीचा होता. मंदीत ती निघून जाईल अशी सगळ्यांना धास्ती, म्हणून सवलत कायमची द्यावी असं ठरलं. तेही एकमताने.

मी लेखणी ठेवली आणि साहेबाला न विचारता बाहेर आलो. एक म्हातारा शेतकरी बैल सोडून नाल्याकडे निघाला होता. मला पाहून थांबला.

“कारकूनभाऊ, ते दलालमामा कुठं असतात आता? इहीर सुटते म्हनून सांगतलं होतं मले.”

माझ्या तोंडून खरं निघेना. “अकोल्याकडं गेला तो,” मी म्हणालो.

“असं काय. मंग येतीन,” म्हातारा म्हणाला. “थ्याइले कुठं चैन पडते?” आणि त्याने बैल पुढे हाकले.