गोलपोस्टाजवळचा बोअर

आक्का, आम्ही शिरूर अनंतपाळ सोडलं त्या सकाळी तू एसटीच्या खिडकीचा गज धरून उभी होतीस. तुझं लग्न गावातच झालेलं, म्हणून तू मागं राहिलीस. "लातूरला घरोघर नळ हाय म्हणं," असं मला समजावत तूच रडत होतीस. आडातलं पाणी तेव्हा वाटीनं खरवडून भरावं लागायचं. लातूर नुकताच जिल्हा झालेला, नव्या ऑफिसात बाबांना कारकुनी मिळाली होती. बाबा एवढंच म्हणाले, "मागं बघू नको, सुनंदा. चक्कर येती."

तुला कधी सांगितलं नाही, पण सुरुवातीला आम्ही बाबांच्या एका मित्राच्या ओसरीवर राहिलो. खोली दाखवणारे आडनाव विचारायचे, आणि मग त्यांना एकदम आठवायचं की खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली आहे. शेवटी एका मैदानाच्या कडेला, गल्लीत जागा मिळाली. सामान उतरवत होतो तेव्हाच शेजारच्या खालांनी चहाची किटली आणून ठेवली. नाव, आडनाव काही विचारलं नाही. खोलीत नळ होता. त्यातून हवा यायची.

शाळेत पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या. मी घरी आले की दार लावून बसायची आणि खिडकीतून मैदान बघायची. खालांचा मुलगा सलीमभाई सायकलच्या दुकानात कामाला होता आणि गल्लीच्या टीमचा गोलकीपर. फुटबॉल काय असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. हात लावायची मुभा एकट्यालाच का, हे त्यानंच मला समजावलं. हळूहळू मी रोज मैदानाच्या भिंतीवर जाऊन बसू लागले. पण बोलताना म्हणायची 'त्यांची टीम'.

त्या उन्हाळ्यात टँकरही येईनासा झाला. बाबांनी साहेबांच्या मागं लागून गल्लीसाठी बोअर मंजूर करून आणला. पाणाड्यानं जागा दाखवली ती नेमकी गोलपोस्टाजवळ. बोअरची गाडी आली तीही फायनलच्या दिवशी. गंजगोलाईकडच्या टीमशी आमची मॅच अर्ध्यावर आलेली.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅच संपली की सुरू करतो. लांबली तर मी चाललो औशाला. तिथं लोक वाट बघून राहिले."

मॅच बरोबरीत होती. बरोबरी सुटली नाही तर जादा वेळ, आणि जादा वेळ म्हणजे गाडी गेली. हे कळल्यावर घागरी घेऊन आलेल्या बायका मैदानाच्या रेषेवर येऊन उभ्या राहिल्या. "कुणीबी मारा, पन मारा!" माय ओरडली. पोरं तिच्याकडं रागानं बघत होती.

अगदी शेवटी आमच्यावर पेनल्टी बसली. नुसतं गाडीचं इंजिन घरघरत होतं. मायनं माझा खांदा दाबला. "होऊ दे गोल. पानी तरी मिळंल."

मी तिचा हात झटकला. "न्हाई! आपला सलीमभाई अडवणार!"

'आपला' म्हणाले मी.

सलीमभाई उजवीकडं झेपावला. बॉल त्याच्या मनगटाला लागून बाहेर गेला. पोरं नाचायला लागली, बायका मटकन खाली बसल्या. शिट्टी वाजली. ड्रायव्हरनं गाडी वळवायला घेतली.

तेव्हा खाला उठल्या आणि गाडीपुढं मांडी घालून बसल्या. "मेरे बेटे ने बॉल रोका, मैं गाडी रोकती!" माय त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मग सगळ्याच बसल्या. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, इंजिन बंद केलं, टपावर चढला, आणि जादा वेळ सुरू झाला तसा मॅच बघत तोच सगळ्यात जोरात ओरडायला लागला.

आम्ही हरलो, आक्का. पायांच्या गर्दीतून बॉल कसा गेला कुणालाच दिसलं नाही. सलीमभाई मातीत पालथा पडून राहिला. बोअर सुरू झाला तर नुसती पांढरी भुकटी उडायला लागली. बाबा कुणाच्याच तोंडाकडं बघत नव्हते. मग भुकटीचा चिखल झाला, आणि एकदम पाणी उसळलं. सगळी गल्ली भिजली. मी तरी रडतच होते. मायनं तांब्या माझ्या तोंडाला लावला. "रडायला बी अंगात पानी लागतंय. पी आधी."

बोअर झाला आणि मैदान गेलं. टीम पांगली. सलीमभाईनं नांदेडला स्वतःचं दुकान टाकलं, अजून फोन करतो. मी बँकेच्या बदल्यांवर फिरत फिरत कोल्हापूरला आले. इथं फुटबॉल म्हणजे पेठापेठांची ईर्षा. घर भाड्याचंच आहे, पण पेठेची मॅच असली की सकाळपासून मला जेवण जात नाही.

तू विचारतेस, घरी कधी येणार. पूर्वी मला वाटायचं, जिथून निघालो ते घर. आता वाटतं, जे हरू नयेत म्हणून आपला जीव टांगणीला लागतो, त्यांच्यात आपलं घर असतं. माझी अशी तीन झाली.

परवा स्टेडियममध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या पेठंच्या?" मी न अडखळता सांगितलं.

"मग हिकडं या की," त्या म्हणाल्या, आणि सरकून जागा केली.