प्रश्न कोणाचा होता

"तूच फिरवले ना हे बाक? मंग तूच सरळ कर."

कॉलेजचे सेक्रेटरी भर वर्गात मला म्हणाले. बाकीच्या लेक्चररांना ते 'सर' म्हणत. मला 'तू'. सगळ्या विद्यार्थ्यांना त्यांनी भिंतीशी उभं केलं होतं. दोन पोरं मदतीला पुढे झाली.

"तुमी नोका हात लावू. ह्यायच्या लोकायले सवय आहे वझं ओढायची."

मी बाक ओढले. एकेक करून. लोखंडी पाय फरशीवर करकरत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेवटचा बाक लावला तेव्हा ते म्हणाले, "आता झाडू घे."

मी झाडूही घेतला. का घेतला म्हणून विचारू नका. पोटासाठी घेतला. आईबाप भीमपूरकडे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारे. बुद्धाचा फोटो घरात आला, तसं शिक्षणही आलं, पण पगार आमच्या घराण्यात पहिल्यांदा माझ्याच हाती पडत होता. पार्टटाइमचा का होईना.

माझा गुन्हा एवढाच, की मी वर्ग गोल बसवत होतो.

तेलंगणा अजून वेगळा झाला नव्हता, ते आंध्र प्रदेशाचे दिवस. आदिलाबाद जिल्ह्यातलं एक बाजारगाव, तिथलं खाजगी कॉलेज. पुस्तकं तेलुगूत. पोरं निम्मी मराठी, काही घरी गोंडी बोलणारी. लेक्चरर नोट्स वाचायचे, पोरं उतरवायची नाहीतर पेंगायची. मी राज्यशास्त्राचा. मीही सुरुवातीला वाचूनच दाखवायचो. एक दिवस मुद्दाम सांगितलं, जिल्ह्याचा कलेक्टर लोकांच्या मतांनी निवडून येतो. सगळ्यांनी निमूट उतरवून घेतलं. त्या दिवशी मला माझ्याच वर्गाची भीती वाटली.

मग मी बाक फिरवले. समोरासमोर, गोल. पुढच्या बाकावरचा आणि मागचा एका गटात, तेलुगू येणारा आणि न येणारा एका गटात. नियम असा, की ज्याला प्रश्न पडला त्यानं तो शेजाऱ्याच्या कानात सांगायचा. गटातून तो फिरायचा आणि शेवटचा उभा राहून विचारायचा. प्रश्न कोणाचा, हे कुणी म्हणायचं नाही. जन्मभर हसं झालेलं पोर उभं राहून बोलत नाही. मी स्वतः सगळं कॉलेज तोंड न उघडता काढलं होतं, मला ठाऊक होतं. कानात मात्र तेही बोलतं.

आणि वर्ग बोलायला लागला. मला अस्मान ठेंगणं झालं होतं.

मग समान कामाला समान वेतन हा धडा आला. एका गटातून सेक्रेटरींचा पुतण्या उभा राहिला. "सर, कायदा आहे म्हन्ता, मंग जिनिंगात बाईले मान्सापेक्षा कमी मजुरी काऊन?"

गावात कापसाची जिनिंग एकच. त्याच्या काकाची. बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

मी त्या गटाच्या मागेच उभा होतो. प्रश्न कोणत्या तोंडातून निघाला, हे मी ऐकलं होतं. एका पोरीचा होता. तिची आई त्याच जिनिंगात रुई साफ करायची.

पुतण्यानं घरी तोच प्रश्न काकाला विचारला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात झाडू आला.

त्याच दुपारी ऑफिसात बोलावणं. प्रिन्सिपॉल खिडकीबाहेर बघत बसलेले. सेक्रेटरींच्या शेजारी खाकीतला फौजदार. त्याने मला खालीवर पाहिलं.

"गोल बिठा के क्या सिखाते तुम? मीटिंग लेते क्या?"

जंगलात बंदूक घेऊन फिरणाऱ्यांना आमच्याकडे 'अन्ना' म्हणत. त्या वर्षांत तो शब्द एकदा माणसाला चिकटला, की माणूस घरी येईल याचा भरवसा नसे.

"जंगलातले अन्ना बी असेच गोल बसोतात," सेक्रेटरी सावकाश म्हणाले. "पुतन्याले प्रश्न गटातून आला एवढंच मालूम. तू मांगं उभा होता. उद्यापर्यंत नाव सांग. नाईतर हे साहेब तुलेच इचारतीन."

संध्याकाळी चहाच्या टपरीवर एक अनोळखी माणूस माझ्याकडे बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस वर्गात, शेवटच्या बाकावर. पुस्तक नाही, वही नाही. पोरं माना खाली घालून बसलेली. तेव्हा मला उमगलं. काल मला झाडायला लावलं तो निव्वळ राग नव्हता. ती शिकवणी होती. प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं, ते त्यांनी या पोरांना करून दाखवलं होतं. आणि त्यांच्या तासाला एकही पोर पेंगलं नव्हतं.

तास संपल्यावर ती पोरगी व्हरांड्यात आली.

"सर, मी सांगून देतो. माह्यापायी तुमाले..."

"गप बस," मी म्हणालो.

वर्षभर बोला, बोला म्हणून ज्यांच्या मागे लागलो होतो, त्यांच्यातल्या एकीला मी गप बसवलं. मला रडू आलं. मग संताप आला. आधी तिच्या आईचं काम जाणार, मग दारात पोलिसांची जीप. एक नाव, आणि एक घर संपलं.

मी सरळ ऑफिसात गेलो. "प्रश्न माहा होता. मीच शिकोला, मीच इचारायला लावला. माहं नाव घ्या. अन् मले तू म्हणू नोका."

नोकरी त्याच क्षणी गेली. चौकीत काय झालं ते सांगत बसत नाही. माझ्या डाव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत.

पुढे दुसऱ्या गावात शिकवू लागलो. तिथेही चौकशी करणारे येऊन गेले. वर्ग गोलच बसतो.

मागे एका लग्नात तो पुतण्या भेटला. काकाची जिनिंग आता तोच चालवतो. भोवती चार माणसं होती. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "सर, आता तरी सांगा. कोन होतं ते?"

हसत होता. पण हात खांद्यावरून काढत नव्हता.

मी म्हणालो, "तुह्या जिनिंगात बाईले मजुरी सारखी झाली काय?"

हसू गेलं. हात निघाला. भोवतालची माणसं उगाच मंडपाकडे पाहू लागली.

त्या पोरीचं नाव मी तेव्हा दिलं नाही, इथेही लिहिलेलं नाही. ती कुठे आहे हेही सांगणार नाही. ज्याला प्रश्न कोणाचा ते हवं आहे, त्यानं माझ्याकडे यावं. मजुरी सारखी होईपर्यंत तो प्रश्न माझा आहे, आणि पुतण्या जिथे भेटेल तिथे मी त्याला तो मोठ्यानं विचारणार आहे.