मोठ्याने केलेली प्रार्थना आणि फुगलेल्या शेवया

सन २०१४. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंतच, पण प्रार्थना करण्यात गावात मला जोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मुलगा दानियल जपानातल्या सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करतो, त्याच्याकडे गेलो. शहर स्वच्छ, सायकली फार, बोलणं कमी. दानियलही तसाच झालेला. जेवणाआधी नुसती मान खाली घालायचा. प्रार्थना करतो की भाजीत मीठ आहे का बघतो, कळायला मार्ग नव्हता. ते मला लागून राहिलं.

शनिवारी त्याने रामेन (डुकराच्या रश्शातल्या शेवया) खायला नेलं. बरोबर त्याच्या कामावरचा टॉम, अमेरिकेचा. वाडगे आले. मी उभा राहिलो.

"पप्पा, बसा. मनातल्या मनात करा," दानियल हळूच म्हणाला. "टॉमला अवघडल्यासारखं होईल. त्यांच्याकडे आता चारचौघांत असं कुणी करत नाही."

"त्याच्याच देशातल्या मिशनच्या मडमेने माझ्या आज्याला अहमदनगरात प्रार्थना शिकवली. आता त्यालाच लाज वाटते? विचार त्याला."

"मी नाही विचारणार."

"मग मी नाही जेवणार."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीने हात जोडले, मोठ्याने 'इतादाकिमास' (मिळालेलं अन्न नम्रपणे घेते) म्हणाली आणि शेवया ओढू लागली.

"हे चालतं वाटतं?" मी विचारलं.

मी सुरुवात केली. आमच्याकडची प्रार्थना म्हणजे घाईचं काम नाही. पाऊस, म्हैस, आमच्या ख्रिस्ती देवळातला फाटका तबला, मग तीन वर्षांपूर्वी त्सुनामीत इथे समुद्राने नेलेली माणसं, सगळं आलं. डोळे उघडले तर शेवयांनी रस्सा पिऊन टाकलेला, आणि 'आमेन' सगळ्यांत मोठ्याने टॉमच म्हणाला. मग त्याने शर्टाच्या आतून साखळीतला क्रूस काढून दाखवला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला.

दानियलने मला मराठीत सांगितलं, "त्याची आजी गेल्यापासून घरी कुणी मोठ्याने प्रार्थना केली नाही म्हणतो. क्रूस दिसला की लोक वेगळंच बघतात, म्हणून आत ठेवतो."

"आणि तुझा रे कुठाय?"

"पप्पा, शेवया खा."

खाल्ल्या. खळीसारख्या लागल्या. फार छान आहेत म्हणालो.

परतीच्या भुयारी गाडीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग ही दोन शिकलेली पोरं नक्की कुणाच्या बघण्याला भितात, याचा मी उतरेपर्यंत विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने चहा-पोळी पुढे ठेवली. मी हात जोडले, तोंड मिटलं आणि दानियलकडे बघत बसलो. चहावर साय धरली, तरी हटलो नाही. शेवटी त्यानेच घसा खाकरला.