अंगठा हळू सोडायचा

मैत्रिणींनो, आज माझा अंगठा चुकला.

मी प्रयोगशाळेत मदतनीस आहे. आज मॅडमनी पहिल्यांदाच मायक्रोपिपेट, म्हणजे अंगठ्यानं दाबून-सोडून रक्त ओढायची नळी, हातात दिली. मोहर्ली गावच्या एका मुलीच्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी थेंबाहून कमी रक्त मोजून उचलायचं होतं.

धानाच्या रोवणीत रोप दाबून अंगठा झटकन काढायची माझी सवय. पिपेटवरचाही तसाच सोडला. आत बुडबुडा शिरला, रक्त कमी आलं. मॅडम पाठमोऱ्या होत्या; लपवता आलं असतं.

पण माझे घरधनी चुकीच्या रिपोर्टमुळे गेले. औषध भलतंच चाललं होतं.

"मॅडम, माह्या हातून चुकलं जी."

"बरं झालं सांगितलं, बाई. टोकाची टिप बदला, पुन्हा घ्या. अन् अंगठा हळू सोडा, धान नाई रोवून राह्यल्या तुम्ही."

दुसऱ्यांदा बरोबर आलं.

उद्या मॅडम शेजारी नसतील. एकटीनं काम करताना हात चुकतो, तेव्हा तुम्ही काय करता?